वेकसर्फिंग बोटीच्या बॅलास्टमधले पाणी उपसले जात नसेल तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या तळ्यांवर वेकसर्फिंगची बोट बाळगणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हे पान लिहिले आहे. वेकसर्फिंग म्हणजे बोटीच्या मागे उठणाऱ्या लाटेवर केलेले सर्फिंग आणि बॅलास्ट म्हणजे बोट जड करण्यासाठी तिच्यातल्या कडक टाक्यांत किंवा मऊ पिशव्यांत भरलेले पाणी. बहुतेक जण पाणी उपसले जात नाही असे दिसताच नवा पंप मागवतात. प्रत्यक्षात असे अनेक बिघाड पंपाबाहेरचे असतात. नळीत शिरलेली हवा, कुठेतरी अडकलेला कचरा किंवा टाकीचा बंद झालेला श्वासमार्ग यांमुळे ते होतात. म्हणून पैसे खर्च करण्याआधी पुढील क्रमाने तपासणी करावी, असा आमचा आग्रह आहे.

बॅलास्ट रिकामे होण्यास उशीर झाला तर एवढे काय बिघडते?

वेकसर्फिंग साधारण ताशी १० ते १२ मैल वेगाने चालते. या मंद वेगात मोठी लाट उठावी म्हणून बोट मुद्दाम जड केली जाते आणि बहुधा ज्या बाजूला सर्फर असतो त्या बाजूकडे झुकवली जाते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. त्यामुळे १,००० पौंड बॅलास्ट म्हणजे सुमारे ४५४ लिटर पाणी बोटीच्या पोटात बसलेले असते. एवढ्या वजनाने बोट पाण्यात खोल बसते आणि अचानक वेग कमी केल्यास स्वतःचीच लाट पुढच्या टोकावरून आत येऊ शकते. एका बाजूची टाकी रिकामी झाली आणि दुसरी भरलेलीच राहिली, तर बोट धोकादायक रीतीने कलते. भरलेल्या टाक्यांसह बोट ट्रेलरवर चढवून महामार्गाला लागणे तर सर्वांत वाईट, कारण ट्रेलरचे टायर, आस आणि ब्रेक त्या वजनाचा हिशेब धरून बनवलेले नसतात.

पाणी व्यवस्थित भरते, पण उपसताना पंप नुसता फिरतो आणि धार येत नाही. पंप गेला का?

बहुधा नाही. हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहोत.

उलट-सुलट दोन्ही दिशांनी चालणारा इम्पेलर पंप, म्हणजे आत रबरी पात्यांचे फिरते चक्र (इम्पेलर) असलेला पंप, ज्या बोटीत असतो, तिथे भरणे आणि उपसणे ही दोन्ही कामे एकच पंप करतो. मात्र त्या दोन कामांत पंपाची ओढणारी बाजू बदलते. भरताना पंप बोटीच्या तळाच्या छिद्रातून पाणी ओढतो. ते छिद्र तळ्याच्या पातळीखाली असल्यामुळे पाणी स्वतःच्या दाबाने पंपापर्यंत येऊन उभे असते आणि पंपाला फारसे श्रम पडत नाहीत. टाकीकडच्या नळीत त्या वेळी दाब असतो. उपसताना याच्या उलट घडते. टाकीपासून पंपापर्यंतची सगळी नळी ओढीखाली येते आणि त्या मार्गावरच्या कोणत्याही सैल सांध्यातून पाण्याऐवजी हवा आत खेचली जाते. विहिरीवरच्या मोटरीने हवा धरली की ती घुमत राहते आणि पाणी मात्र उचलत नाही, तसाच हा प्रकार आहे.

म्हणून ‘भरते पण उपसत नाही’ या तक्रारीत पहिला संशय टाकी आणि पंप यांच्यामधल्या सांध्यांवर घ्यावा. पिशवीला जोडलेल्या झटपट जोडणीच्या कपलिंगमधली ओ-रिंग, आटे असलेल्या जोडावरची निघालेली टेफ्लॉन टेप, सैल पडलेली होज क्लिप, इंजिनाच्या उष्णतेने कडक होऊन चिरलेली नळी आणि पंपाच्या तोंडावरच्या झाकणाचे गॅस्केट ही नेहमीची ठिकाणे आहेत.

दुसरे कारण इम्पेलरच्या स्वभावातच आहे. दिशा बदलली की रबरी पात्यांना उलट्या बाजूला वाकावे लागते. पाती जुनी आणि ताठर झाली असतील, तर ती एका दिशेला चांगली चालतात आणि दुसऱ्या दिशेला ढिली पडतात. शिवाय झिजलेला इम्पेलर दाबाने आलेले पाणी पुढे ढकलू शकतो, परंतु कोरड्या नळीतून पाणी ओढून आणण्याइतकी पकड त्याच्यात उरलेली नसते. तेव्हा केवळ भरताना चालतो म्हणून पंप निर्दोष मानू नये. मात्र सांधे तपासण्याआधी तो बदलूही नये.

दोष पंपात आहे की नळीत, हे निश्चित कसे ठरवावे?

बादलीची चाचणी करावी. बोट ट्रेलरवर किंवा लिफ्टवर, टाकी रिकामी असताना, पंपाच्या टाकीकडच्या तोंडावरची नळी काढावी, तिथे आखूड नळी घट्ट बसवून तिचे दुसरे टोक पाण्याने भरलेल्या बादलीत सोडावे आणि स्विच उपसण्याच्या दिशेने दाबावे. पंपाने बादलीतले पाणी जोरात बाहेर टाकले, तर पंप ठीक आहे आणि दोष टाकीकडच्या मार्गात आहे. बादली तशीच राहिली, तर पंप उघडावा लागेल. ही चाचणी पाच-दहा मिनिटांत होते आणि तिला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, म्हणून ती वगळून पुढे जाऊ नये.

हवा नेमक्या कोणत्या सांध्यातून शिरते हे दिसत नाही. काय करावे?

टाकी भरलेली असताना सांधा गळत नाही, एवढ्यावरून तो निर्दोष ठरत नाही. पाण्याचा थेंब ज्या फटीतून बाहेर पडत नाही, त्या फटीतूनही ओढीखाली हवा आत जाऊ शकते. पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी बसवली, तर उपसताना बुडबुडे येतात की नाही हे डोळ्यांना दिसते. नंतर उपसा चालू ठेवून एकेका सांध्यावर बाहेरून जाड ग्रीस थापावे. ज्या सांध्यावर ग्रीस लावताच बुडबुडे थांबतात किंवा धार सुधारते, तोच दोषी. ग्रीस हा केवळ शोधाचा उपाय आहे. सापडलेल्या सांध्याची ओ-रिंग, टेप किंवा क्लिप नवीन घालावी.

इम्पेलर तपासताना काय पाहावे?

पंपाच्या झाकणाचे स्क्रू काढण्यापूर्वी तळाच्या छिद्रावरचा व्हॉल्व्ह बंद करावा. बोट पाण्यात असताना हे विसरल्यास तळे थेट बोटीत येते.

इम्पेलर बाहेर काढल्यावर पाती मोजावीत आणि एकेक पाते मुळाशी वाकवून पाहावे. चीर तिथेच पडते. एखादे पाते तुटलेले आढळले, तर तो तुकडा सापडेपर्यंत काम संपले असे समजू नये, कारण तो नळीच्या वळणात किंवा एकमार्गी व्हॉल्व्हमध्ये अडकून नव्या इम्पेलरलाही निकामी ठरवतो. पंपाच्या झाकणाच्या आतल्या बाजूवर खोल गोल चरे पडले असतील, तर नवा इम्पेलर घालूनही ओढ पूर्ववत होत नाही आणि ते झाकण बदलावे लागते. नवा इम्पेलर बसवताना ग्लिसरीन किंवा भांडी घासण्याचा द्रव साबण लावावा.

पाती सर्वाधिक खराब होतात ती कोरड्या चालण्याने. टाकी संपल्यावर पंप चालूच राहिला, तर पाती घर्षणाने तापून फाटतात. ठरावीक वेळेनंतर पंप आपोआप बंद होण्याची सोय बोटीत असली, तरी धार थांबताच स्विच बंद करण्याची सवय आम्हाला अधिक भरवशाची वाटते.

आमच्या बोटीत इम्पेलर नाही, एअरेटर पंप आहेत. त्यांचे निदान वेगळे असते का?

होय, बरेचसे. एअरेटर पंप एकाच दिशेने पाणी ढकलतो, त्यामुळे भरायला एक आणि उपसायला दुसरा असे जोडीने पंप बसवलेले असतात. हा पंप स्वतःहून पाणी ओढून आणू शकत नाही. पाणी त्याच्यापर्यंत आपोआप पोहोचले पाहिजे, म्हणून तो टाकीच्या तळाच्या पातळीवर किंवा त्याखालीच असावा लागतो. त्याच्या पोटात हवेचा गोळा अडकला, की मोटर सुरळीत फिरते, आवाज नेहमीपेक्षा हलका आणि चढा येतो आणि धार शून्य असते.

भरणाऱ्या पंपात हवा अडकली असेल, तर बोट थोडी मागे घ्यावी. त्याने तळाच्या छिद्राशी पाण्याचा दाब बदलून हवा सुटते. उपसणाऱ्या पंपात अडकलेली हवा मात्र अशी सुटत नाही. त्याच्या बाहेर जाणाऱ्या नळीत जर मधेच खाली झोल पडून पाणी साचलेले असेल, तर पंपामागची हवा वर जाऊच शकत नाही. नळी पंपापासून बोटीच्या बाजूच्या छिद्रापर्यंत सतत चढत जाईल अशी बांधून घेतली, की ही तक्रार बहुधा कायमची मिटते. एअरेटरची फिरकी प्लास्टिकची असते आणि तिच्याभोवती शेवाळाचे तंतू किंवा मासेमारीची दोरी गुंडाळली जाते. अनेक मॉडेलमध्ये मोटरचा भाग पिळून बाहेर काढता येतो, तेवढा काढून पाहावा.

धार सुरुवातीला जोरदार असते, मग अचानक तुटते आणि पिशवीत पाणी शिल्लक राहते.

मऊ पिशवी असल्यास ती आक्रसत जाऊन तिचेच कापड बाहेर जाण्याच्या तोंडावर बसते. पंप थांबवताच कापड सुटते, पुन्हा सुरू केला की थोडा वेळ धार येते आणि पुन्हा तुटते. हे लक्षण चटकन ओळखता येते. तोंडाच्या आतल्या बाजूला छिद्रे पाडलेली आखूड नळी बसवली, तर कापड तोंडाला चिकटत नाही. पिशवी पिळवटलेली नाही आणि तोंड तिच्या सर्वांत खालच्या भागात आहे, एवढेही पाहावे. बोटीचे नाक वर उचलले असता पाणी मागच्या बाजूला जमते, त्यामुळे पुढच्या पिशवीचे तोंड पुढच्या टोकाला असल्यास शेवटचे पाणी तिथे पोहोचतच नाही.

कडक प्लास्टिकची टाकी असेल, तर संशय व्हेंटवर, म्हणजे टाकीच्या श्वासमार्गावर, घ्यावा. पाणी बाहेर जाते तेवढी हवा आत यायला हवी. व्हेंट बंद असल्यास टाकीत निर्वात होतो, धार बारीक होते आणि टाकीच्या भिंती आत ओढल्या जातात. कोळ्याचे जाळे आणि मातीची घरटी करणाऱ्या गांधीलमाश्या हे व्हेंट बुजण्याचे नेहमीचे कारण आहे, विशेषतः बोट काही आठवडे उभी राहिल्यावर. व्हेंटची नळी टाकीच्या वरून काढून पुन्हा उपसून पाहावे. धार सुधारली तर निदान झाले.

टाकी पूर्ण रिकामी केली तरी काही वेळाने तिच्यात पुन्हा पाणी येते.

हा सायफनचा परिणाम आहे. बंद असलेला एअरेटर पंप पाण्याला अडवत नाही, तो केवळ एक उघडा मार्ग असतो. पाण्याने भरलेली नळी तळ्याच्या पातळीखाली असेल, तर तळ्याचे पाणी तिच्यातून टाकीत येत राहते. बोट एका बाजूला कललेली असताना त्या बाजूचे उपसण्याचे छिद्रही पाण्याखाली जाते आणि त्या मार्गानेही पाणी उलटे शिरते. एकमार्गी व्हॉल्व्ह हा प्रवाह अडवतो, मात्र गवताची एक काडी अडकली तरी तो अर्धवट उघडा राहतो, म्हणून तो वर्षातून एकदा तरी उघडून धुवावा. अधिक खात्रीचा उपाय म्हणजे नळी टाकीच्या वर उंच वळवून त्या वळणाच्या माथ्यावर हवा घेणारा व्हॉल्व्ह बसवणे. तात्पुरता उपाय म्हणून तळाच्या छिद्रावरचा व्हॉल्व्ह बंद ठेवावा आणि तो बंद असताना भरण्याचा पंप चालवू नये.

बोटीच्या बाजूने धारच दिसत नाही. पाणी जाते तरी कुठे?

अनेक इम्पेलर व्यवस्थांत पाणी ज्या तळाच्या छिद्रातून आत येते, तिथूनच बाहेर जाते, त्यामुळे बाजूला काही दिसत नाही. अशा बोटीत पिशवी आक्रसते आहे का ते पाहूनच खात्री करावी. परंतु स्विच उपसण्यावर असताना बिल्जमधला, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साचणाऱ्या पोकळीतला, पंप स्वतःहून सुरू होत असेल, तर नळी सुटून बॅलास्टचे पाणी बोटीच्या पोटातच सांडते आहे. त्या क्षणी उपसा थांबवावा.

स्विच दाबूनही पंपाचा आवाज येत नाही.

आधी फ्यूज आणि ब्रेकर पाहावा. ते ठीक असतील, तर मल्टिमीटर थेट पंपाच्या जोडणीवर लावावा आणि स्विच दाबलेला असताना व्होल्टेज मोजावे. बॅटरी पूर्ण भरलेली असल्यास तिच्या टोकांवर सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १४ च्या आसपास मिळते. पंप चालत असताना त्याच्यापाशी मिळणारे व्होल्टेज बॅटरीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक घसरत असेल, तर दोष तारेत, हिरव्या पडलेल्या जोडात किंवा गंजलेल्या अर्थिंगमध्ये आहे. अशा अपुऱ्या विजेवर पंप हळू फिरतो आणि उपसण्याइतकी ओढ निर्माण करत नाही.

उलट-सुलट पंपात भरताना आणि उपसताना ध्रुव बदलतात, म्हणजे मीटरवर एका वेळी अधिक आणि दुसऱ्या वेळी उणे चिन्ह दिसले पाहिजे. भरताना वीज येते आणि उपसताना येत नाही असे आढळले, तर स्विच किंवा त्या दिशेचा रिले (विजेने चालणारा स्विच) बिघडला आहे. शेजारचा तसाच रिले अदलाबदल करून पाहिला की लगेच कळते. वीज पोहोचते, पंप नुसता गुणगुणतो आणि ब्रेकर उडतो, अशी स्थिती लांब विश्रांतीनंतर येते. इम्पेलर भिंतीला चिकटलेला असतो, तो झाकण उघडून सोडवावा.

इंजिनाच्या भागात विजेचे काम करण्यापूर्वी ब्लोअर (हवा बाहेर फेकणारा पंखा) किमान चार मिनिटे चालवून पेट्रोलची वाफ बाहेर काढावी. ही सूचना आम्ही प्रत्येकाला देतो आणि ती टाळण्याचे एकही योग्य कारण नाही.

डॅशबोर्डच्या पडद्यावर शून्य टक्के दिसते, पण टाकीत पाणी आहे.

काही बोटी पाण्याची पातळी दाबाच्या संवेदकाने मोजतात, काही केवळ पंप किती वेळ चालला यावरून अंदाज काढतात. दुसऱ्या प्रकारात पंपाने हवा धरली असली, तरी पडदा टाकी रिकामी झाल्याचे सांगतो. पडद्यापेक्षा टाकीवर हात ठेवून पाहणे आणि बोट किती खोल बसली आहे हे पाहणे अधिक विश्वासार्ह आहे.

साधारण किती वेळ लागणे योग्य समजावे?

८०० पौंडांच्या टाकीत सुमारे ९६ गॅलन पाणी असते. ताशी ८०० गॅलन क्षमतेचा पंप कागदावर ते सव्वासात मिनिटांत काढतो, पण ही क्षमता चढ आणि वळणे नसताना मोजलेली असते. प्रत्यक्षात दहा-बारा मिनिटे लागली, तर चिंता नको. बोट नवी असताना लागणारा वेळ लिहून ठेवावा, कारण त्याच्याशी केलेली तुलना इतर कोणत्याही आकड्यापेक्षा उपयुक्त ठरते. उपसा चालू असताना इंजिन जागेवर चालवत ठेवले असेल, तर मागच्या फळीवर कोणालाही, विशेषतः मुलांना, बसू देऊ नये. इंजिनाच्या धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड तिथेच साचतो.

तळ्यावर असतानाच पंप बंद पडला आणि निघायचे आहे. आता?

पिशवी असल्यास सुटा बारा व्होल्टचा पंप तिच्या वरच्या तोंडाला जोडून पाणी बाहेर टाकता येते. असा एक पंप प्रत्येक बोटीत असावा असे आमचे मत आहे. दोन्ही बाजूंना सारखे एअरेटर असतील, तर चांगल्या बाजूची मोटर दुसरीकडे लावता येते, परंतु भरलेल्या टाकीची मोटर काढली की सगळे पाणी बिल्जमध्ये उतरते, म्हणून आधी टाकीजवळचा व्हॉल्व्ह बंद करावा. असा व्हॉल्व्ह नसल्यास हा प्रयोग पाण्यावर करू नये. काहीच शक्य नसेल आणि ट्रेलर व गाडीची क्षमता पुरेशी असेल, तर बोट अगदी सावकाश रॅम्पच्या वरच्या सपाट जागेपर्यंतच आणावी, ड्रेन प्लग (बोटीच्या तळाचे बूच) काढावा आणि टाकीची खालची नळी थोडी थोडी सोडावी. बिल्जमध्ये तेल दिसत असेल, तर ते पाणी तिथे सोडू नये.

उपसल्यानंतर तळाशी थोडे पाणी राहतेच. तेवढे चालते का?

लाटेसाठी चालते, तळ्यांसाठी नाही. ही बाब आम्हाला पंपापेक्षाही महत्त्वाची वाटते, कारण उरलेल्या पाण्यातून बाहेरून आलेले उपद्रवी शिंपले पसरतात. झेब्रा शिंपले १९८८ मध्ये सेंट क्लेअर सरोवरात आढळले, क्वागा शिंपले जानेवारी २००७ मध्ये मीड सरोवरात सापडले, टेक्सासमधल्या ट्रॅव्हिस सरोवरात २०१७ पर्यंत झेब्रा पोहोचले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या त्रिभुज प्रदेशात सोनेरी शिंपले प्रथमच दिसले. या शिंपल्यांच्या अळ्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि बॅलास्टच्या तळाशी उरलेल्या पाण्यातून एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात सहज जातात. टेक्सासमध्ये सार्वजनिक तळ्यावर येताना आणि तिथून जाताना बोटीतले सर्व पाणी काढणे २०१४ पासून बंधनकारक आहे. मिनेसोटासारख्या राज्यांतही ड्रेन प्लग काढूनच बोट रस्त्यावर नेता येते.

उपसा संपल्यावर रॅम्पच्या चढावर बोट तिरपी असतानाच पंप पुन्हा थोडा वेळ चालवावा, कारण त्या कोनात मागच्या टाक्यांचे पाणी तोंडापाशी जमते. पिशव्या उघडून वाळवाव्यात. दुसऱ्या तळ्यावर जाण्यापूर्वी तपासणी केंद्रावर गरम पाण्याने धुऊन घ्यायचे असेल, तर बॅलास्टसाठी सुमारे १२० फॅरनहाइट, म्हणजे ४९ सेल्सिअस, तापमान वापरतात. बोटीच्या बाहेरच्या भागासाठीचे १४० फॅरनहाइटचे पाणी पंपात सोडू देऊ नये, त्याने रबर आणि प्लास्टिक खराब होते.

हिवाळ्यापूर्वी काय करावे? आम्ही दक्षिणेकडे राहतो, तिथे फारसे गोठत नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासभर घरांचे नळ फुटले, तेव्हा ‘दक्षिणेकडे’ या आधारावर विसंबू नये. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते आणि पंपाचे डोके, एकमार्गी व्हॉल्व्ह आणि नळीचे सर्वांत खालचे वळण आधी तडकते. टाकी शक्य तितकी उपसून घ्यावी, नंतर तिच्यात गुलाबी रंगाचे प्रोपिलीन ग्लायकोलचे अँटिफ्रीझ ओतावे आणि बाहेरच्या तोंडातून गुलाबी द्रव येईपर्यंत उपसा चालवावा. मोटारगाडीतले हिरवे इथिलीन ग्लायकोल वापरू नये, ते विषारी असते आणि वसंतात तळ्यात जाते. त्यानंतर इम्पेलर काढून घरात ठेवावेत, म्हणजे पाती एकाच बाजूला वाकून ताठर होत नाहीत. काढलेल्या इम्पेलरची आठवण म्हणून बॅलास्टच्या स्विचांवर चिकटपट्टी लावून तिच्यावर तसे लिहून ठेवावे.